जुन्या नाण्यांच्या लिलावात बोली लावण्यापूर्वी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या एप्रिलमध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा गाठला आणि त्याच वर्षी चांदीही किलोला लाखावर गेली. तेव्हापासून जुन्या नाण्यांकडे वळलेले लोक पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे. उत्तरे भारतात होणाऱ्या लिलावांना धरून आहेत. उदाहरणे मुख्यतः मराठेशाही आणि ब्रिटिश भारताच्या नाण्यांची घेतली आहेत, कारण आपल्याकडच्या खरेदीदारांचा ओढा तिकडेच असतो.

१. शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे लिलावात विकत घेणे कायदेशीर आहे का?

हो. पुरावस्तू आणि कला-मौल्यवस्तू अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे पुरावस्तू ठरते. असे नाणे देशात बाळगायला आणि विकत घ्यायला बंदी नाही. मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वर्गांची नोंदणी सक्तीची आहे, पण नाणी त्या यादीत नाहीत. पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याकडे मात्र परवाना लागतो, म्हणून लिलावसंस्थेचा परवाना क्रमांक कॅटलॉगवर किंवा बिलावर आहे ना, हे पाहून घ्या. पक्के बिल, लॉटचा (एका बोलीत विकल्या जाणाऱ्या नाण्याचा किंवा नाण्यांच्या गटाचा) क्रमांक आणि कॅटलॉगमधले छायाचित्र हे तिन्ही कायम जपून ठेवा. पुढे नाणे विकताना त्यांचाच आधार असतो. देशाबाहेर नेण्याचा नियम पूर्ण वेगळा आहे, तो प्रश्न १७ मध्ये.

२. बोलीदार म्हणून लिलावसंस्थेकडे नोंदणी करायला काय लागते?

ओळखपत्र, पत्ता आणि पॅन. नवख्या बोलीदाराकडून काही संस्था अनामत घेतात किंवा दुसऱ्या लिलावसंस्थेचा संदर्भ मागतात. ही पडताळणी व्हायला वेळ लागतो. लिलावाच्या आदल्या रात्री अर्ज केला तर सकाळपर्यंत बोली क्रमांक मिळेलच असे नाही, तेव्हा निदान चार-पाच दिवस आधी हे काम उरकावे.

३. बेस प्राइस, एस्टिमेट, रिझर्व्ह, हॅमर : यातली खरी किंमत कोणती?

बेस प्राइस म्हणजे जिथून बोली सुरू होते तो आकडा. एस्टिमेट हा लिलावसंस्थेचा अंदाज, उदाहरणार्थ ‘४०,००० ते ५०,०००’. रिझर्व्ह म्हणजे ज्याच्या खाली विकणारा नाणे सोडणार नाही ती रक्कम. ती बऱ्याचदा गुप्त असते, तर कधी बेस प्राइस हीच रिझर्व्ह असते. हातोडा पडतो तो आकडा म्हणजे हॅमर. तुम्हाला द्यावी लागते ती रक्कम याहूनही मोठी असते (प्रश्न ४).

तेजीत एस्टिमेटवर विसंबणे धोक्याचे. कॅटलॉग लिलावाच्या काही आठवडे आधी छापला जातो आणि त्यातले आकडे त्याहून जुन्या निकालांवर बेतलेले असतात. शिवाय गर्दी खेचण्यासाठी अंदाज मुद्दाम कमी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. अंदाज कमी दिसतो म्हणून नाणे स्वस्तात मिळेल, असे समजू नये.

४. हॅमरवर आणखी किती पैसे जातात?

तीन गोष्टी जोडा : बायर्स प्रीमियम (लिलावसंस्था खरेदीदाराकडून हॅमरवर घेते ते कमिशन), जीएसटी आणि पाठवणावळ-विमा. दर संस्थेगणिक बदलतात, म्हणून अटींचे पान वाचल्याशिवाय हिशेब करू नका.

नमुन्यादाखल हिशेब असा. समजा तुम्हाला एकूण १,००,००० रुपयेच घालवायचे आहेत. प्रीमियम १५ टक्के, हॅमर अधिक प्रीमियम या एकत्रित रकमेवर ५ टक्के जीएसटी, पाठवणावळ ५०० रुपये. आधी पाठवणावळ वजा करा : ९९,५००. आता १.१५ गुणिले १.०५, म्हणजे १.२०७५ ने भागा. उत्तर येते ८२,४०१. म्हणजे तुमची शेवटची बोली ८२,०००. पडताळा : ८२,००० वर प्रीमियम धरून ९४,३००, त्यावर कर धरून ९९,०१५, पाठवणावळीसह ९९,५१५.

हाच हिशेब वेगळ्या अटींनी करून पाहा. समजा नाण्यावर ५ टक्के आणि प्रीमियमवर वेगळा १८ टक्के कर आहे. मग ८२,००० च्या त्याच बोलीवर एकूण १,०१,११४ रुपये होतात, म्हणजे १,५९९ रुपये जास्त. दहा लॉट घेणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून दर किती, आणि तो कशावर लागतो, हे दोन्ही विचारा.

५. माझी कमाल बोली ठरवायची कशी? जुने निकाल तेजीत उपयोगी पडतात का?

पडतात, पण ते नीट वाचता यायला हवेत.

गेल्या दोन-तीन वर्षांतले त्याच राजाच्या, त्याच टांकसाळीच्या, त्याच सालाच्या आणि शक्य तितक्या सारख्या प्रतीच्या नाण्याचे निकाल गोळा करा. बऱ्याच लिलावसंस्था जुने निकाल संकेतस्थळावर ठेवतात. प्रत्येक आकडा नुसता हॅमर आहे की प्रीमियम धरून, हे शेजारी लिहा. दोन संस्थांचे आकडे सरसकट एकत्र केले की १५-२० टक्क्यांची चूक तिथेच होते. सगळे आकडे हॅमरवर आणा, उतरत्या क्रमाने मांडा आणि सरासरीऐवजी मधला आकडा धरा. सरासरीला एकच भडक निकाल वर ओढून नेतो.

त्या भडक निकालाबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण तेजीत सर्वांत जास्त पैसे इथेच बुडतात. लिलावातला भाव जिंकणारा एकटा ठरवत नाही. तो ठरतो त्याच्या खालोखाल बोली लावणाऱ्यामुळे. दोघांनी हट्टाने एक नाणे ३०,००० वरून ९०,००० वर नेले आणि एकाला ते मिळाले, तर पुढच्या लिलावात तो खरेदीदार बहुधा नसतोच. उरलेल्या एकाला आता तिसऱ्या माणसाशी झुंजायचे असते, आणि तिसरा कदाचित ३५,००० लाच थांबलेला असतो. ९०,००० चा निकाल ‘बाजारभाव’ मानून तुम्ही ८५,००० ची बोली लावलीत, तर चढ्या बाजारातही पुढच्या विक्रीत निम्मे पैसे गमवाल.

खरी वाढ ओळखण्याची खूण अशी : सारख्या प्रतीच्या नाण्याचे निदान तीन निकाल, वेगवेगळ्या लिलावांत, पायरीपायरीने चढत गेलेले दिसले पाहिजेत. तसे दिसले तर मधल्या आकड्याऐवजी शेवटच्या दोघांची सरासरी धरायला हरकत नाही. त्यावर आणखी ‘पुढे वाढेलच’ म्हणून जास्तीचे पैसे ओतू नयेत.

ठरलेला आकडा लिलावापूर्वी कागदावर लिहा. सभागृहात बसून ठरवलेला आकडा नेहमी मोठा असतो.

६. सोने-चांदी चढली म्हणून नाणी महागली आहेत का?

काही महागली, काही नाही. यासाठी नाण्याच्या किमतीचे दोन भाग करायला शिकावे : धातूची किंमत आणि संग्रहमूल्य.

ब्रिटिश भारताचा जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळ्याचा, आणि ९१.७ टक्के चांदीचा असतो. त्यात शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा दर या आकड्याने गुणा. १९१२ ते १९२० मधले वापरलेले सामान्य रुपये भरपूर उपलब्ध आहेत. त्यांची किंमत चांदीबरोबर चढते आणि चांदीबरोबरच उतरते. असा रुपया लिलावात धातूच्या दुपटीने घेणे म्हणजे चांदी महाग विकत घेणे. तीच चांदी सराफाकडे स्वस्तात मिळते.

याच्या उलट शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन सुमारे २.८ ग्रॅमचा. त्यातल्या सोन्याची किंमत लिलावातल्या किमतीचा लहानसा अंश असते, तेव्हा सोन्याचा भाव दहा टक्के हलला तरी होनाच्या किमतीवर थेट परिणाम नगण्य. परिणाम होतो तो वेगळ्या वाटेने : सोन्यात कमावलेला पैसा संग्रहाकडे वळतो आणि बोलीदार वाढतात.

मधल्या नाण्यांत सांभाळा. १९१८ चा मुंबई टांकसाळीचा सॉव्हरिन (ब्रिटिश सोन्याचे नाणे) आणि त्याच वर्षीचे १५ रुपयांचे सुवर्णनाणे, दोन्ही ७.९८ ग्रॅमची, २२ कॅरटची. यांत धातूचा वाटा मोठा आणि संग्रहमूल्यही आहे. सोने उसळले की संग्रहमूल्याचा फरक आकसतो. अशा वेळी किंचित जास्त देऊन उत्तम प्रत घेणे बहुधा फायद्याचे, कारण साध्या आणि उत्तम प्रतीतले अंतर तेव्हा सर्वांत कमी असते.

७. कॅटलॉगमधले ‘व्हेरी फाइन’, ‘आर-आर-आर’ यांवर किती विश्वास ठेवायचा?

ही दोन वेगळी मापे आहेत. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड या शब्दांनी नाण्याची झीज सांगितली जाते. आर, आर-आर, आर-आर-आर यांनी दुर्मीळता. झिजून सपाट झालेले नाणे अतिदुर्मीळ असू शकते आणि कोरे करकरीत नाणे अगदी सामान्य.

झिजेच्या बाबतीत शब्दापेक्षा छायाचित्र पाहा. राजाच्या डोक्यावरचे केस, मुकुटाची कड, कानाचा वरचा भाग हे उंच भाग आधी झिजतात. हाताने ठोकलेल्या मराठा आणि मुघल नाण्यांत आणखी एक भानगड असते : ठसा नाण्यापेक्षा मोठा, त्यामुळे मजकूर अर्धाच उमटतो. तिथे झिजेपेक्षा टांकसाळीचे नाव आणि साल पूर्ण दिसते की नाही, यावर भाव ठरतो.

दुर्मीळतेचे शिक्के कायमचे नसतात. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतली बहुसंख्य क्षत्रप राजा नहपानाची नाणी सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापलेली होती. एक साठा असा निघाला की एखाद्या प्रकाराची दुर्मीळता एका दिवसात बदलते. तीन ‘आर’ वाचले की तोच प्रकार गेल्या पाच-सहा लिलावांत किती वेळा आला ते मोजा. दर लिलावात येत असेल, तर तिसऱ्या ‘आर’चे पैसे देऊ नका.

८. केवळ छायाचित्र पाहून बोली लावू का?

स्वस्त लॉटसाठी लावा. महागड्या लॉटसाठी लिलावापूर्वीच्या प्रदर्शनाला जाऊन नाणे हातात घ्या, किंवा जाणत्या माणसाला पाठवा. सोबत दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमचा काटा आणि व्यास-जाडी मोजायचा व्हर्नियर न्या. विचारल्यास काटा वापरू देतात. नाणे कडेने धरा, मऊ कापडावर ठेवा.

छायाचित्रात हमखास लपते ती कड. कडेवरची कानशीची खूण, डाख दिल्याची जागा, साच्याच्या जोडाची रेघ समोरून कधीच दिसत नाही. जाणे शक्य नसेल तर कडेची दोन छायाचित्रे आणि तिरप्या उजेडातला छोटा व्हिडिओ मागा. चांगली संस्था देते. मागूनही मिळाले नाही, तर तो लॉट सोडून द्या.

९. शिवकालीन होन किंवा शिवराई खरी कशी ओळखायची?

होनाच्या एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. १६७४ च्या राज्याभिषेकाशी जोडलेले हे नाणे इतके मोलाचे आहे की त्याच्या नकला फार काळापासून बनत आल्या आहेत. त्यांत देव्हाऱ्यासाठी आणि भेट म्हणून केलेल्या प्रामाणिक प्रतिकृतीही आहेत आणि फसवणुकीसाठी जुन्या भासवलेल्याही. नकलेतले सोने खरे असू शकते. म्हणून ‘सोने तपासून घेतले’ हे उत्तर इथे अपुरे आहे.

पाहायचे ते असे. ओतलेल्या नकलेत अक्षरांच्या कडा साबण झिजल्यासारख्या गोल होतात आणि भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. ठोकलेल्या नाण्यात अक्षराच्या पायथ्याशी धातू वाहिल्याच्या रेषा असतात. दुसरी कसोटी ठशाची : प्रकाशित झालेल्या, संग्रहालयातल्या होनांच्या छायाचित्रांशी एकेक अक्षर, एकेक बिंदू जुळवा. तिसरी आणि सर्वांत सोपी : एकच ओरखडा, एकच तुटका बिंदू दोन वेगळ्या नाण्यांवर नेमका त्याच जागी दिसला, तर निदान एक तरी ओतीव आहे.

पाण्यात तोलून घनता काढण्याची युक्ती होनावर जपून वापरा. २.८ ग्रॅमचे नाणे पाण्यात सुमारे ०.१५ ग्रॅमच हलके होते. काटा ०.०१ ग्रॅमचा असेल तर तेवढ्या चुकीनेच उत्तर ७ टक्के इकडेतिकडे जाते. ०.००१ ग्रॅमचा काटा हवा.

तांब्याच्या शिवराईबद्दल : छत्र आणि पति या शब्दांमध्ये दोन आडव्या रेषा असलेली दुदांडी शिवराई पेशवाईत आणि नंतर ब्रिटिश अमलाच्या सुरुवातीलाही निघत राहिली. ती विपुल आहे आणि शिवकालीन नाही. लिलावाबाहेर तीच ‘महाराजांची अस्सल शिवराई’ म्हणून विकली जाते. आधीच्या काळातल्या शिवराया साधारणपणे वजनाला भारी, ११ ते १३ ग्रॅमच्या, आणि त्यांवर ठिपक्यांची गोलाकार किनार असते. वजन आणि किनार दोन्ही जुळल्याशिवाय जास्त भाव देऊ नये.

१०. १९३९ चा चांदीचा रुपया मिळतोय, घेऊ का?

आधी संशय घ्या. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा ९१.७ टक्के चांदीचा रुपया अत्यंत दुर्मीळ आहे, कारण पाडलेली बहुतेक नाणी वितळवली गेली. म्हणूनच १९३८ च्या रुपयातला ८ कोरून ९ करण्याचा धंदा चालतो. शेवटच्या अंकाभोवतीची पार्श्वभूमी भिंगाखाली पाहा : खरवडलेली, किंचित खोलगट किंवा वेगळ्या चकाकीची असेल तर नाणे परत करा.

१९४० पासून रुपया ५० टक्के चांदीचा झाला आणि कडही वेगळी आली, त्यामुळे ते नाणे बदलून ‘१९३९’ केले असेल तर पाण्यात तोलल्यावर काटाच सांगतो. ११.६६ ग्रॅमचा ९१.७ टक्क्यांचा रुपया पाण्यात सुमारे १.१३ ग्रॅम हलका होतो, ५० टक्क्यांचा सुमारे १.२२ ग्रॅम. या किमतीच्या नाण्याला स्वतंत्र प्रमाणपत्र असल्याशिवाय बोलीच लावू नये (प्रश्न १२).

११. ‘प्रूफ रीस्ट्राइक’ म्हणजे खोटे नाणे का?

नाही. प्रूफ म्हणजे चकचकीत केलेल्या ठशांनी खास पाडलेले नाणे. मुंबई आणि कलकत्ता टांकसाळी जुन्या ठशांवरून संग्राहकांसाठी नाणी पुन्हा पाडून देत. ही प्रथा १९७० मध्ये बंद झाली. ही नाणी सरकारी टांकसाळीचीच, पण मूळ सालातली नाहीत. मूळ प्रूफ आणि रीस्ट्राइक यांच्या भावात मोठे अंतर असते. वर्णनात नुसतेच ‘प्रूफ’ लिहिले असेल तर मूळ की रीस्ट्राइक हे लेखी विचारून घ्या.

असाच एक गोंधळ सॉव्हरिनबाबत होतो. १९१८ च्या मुंबईच्या सॉव्हरिनवर तारखेच्या वर, जमिनीच्या रेषेच्या मध्यभागी, बारीक ‘आय’ हे अक्षर असते. हीच खूण २०१३ पासून भारतात पाडलेल्या आधुनिक सॉव्हरिनवरही आहे. अक्षर दिसले म्हणून थांबू नका, सालही वाचा.

१२. एनजीसी किंवा पीसीजीएसच्या डबीतले नाणे डोळे झाकून घ्यावे का?

एनजीसी आणि पीसीजीएस या नाणी पारखून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्था आहेत. त्यांच्या डबीत बंद नाण्याला ७० पैकी गुण दिलेले असतात आणि खरेपणाची हमी असते, त्यामुळे धोका खूप कमी होतो. तरी दोन कामे करा. प्रमाणपत्र क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथले छायाचित्र समोरच्या नाण्याशी जुळवा, कारण डब्यांच्याही नकला निघतात. दुसरे, लेबलवर ‘डिटेल्स’ हा शब्द आहे का पाहा. तो असेल तर नाणे खरे, पण घासलेले, दुरुस्त केलेले किंवा इजा झालेले आहे, आणि भाव त्याप्रमाणे बराच खाली यायला हवा.

तेजीत ६४ आणि ६५ गुणांच्या नाण्यांत कधी दुपटीचे अंतर पडते. ते अंतर डोळ्यांना दिसत नसेल, तर ६४ घ्या.

१३. दागिन्यातून काढलेल्या किंवा घासलेल्या नाण्याची किंमत किती कमी धरायची?

आपल्याकडे मोहरा, होन आणि व्हेनिसच्या पुतळ्या गळ्यात घालायची रीत असल्याने सोन्याची कितीतरी जुनी नाणी कधी ना कधी दागिन्यात होती. कडी काढून कड घासली की वजन थोडे घटते किंवा डाखामुळे वाढते, आणि वरच्या टोकाची किनार सपाट होते. कॅटलॉगमध्ये ‘माउंट काढलेले’ असे लिहिलेले असते, किंवा लिहिलेले नसते. घड्याळातल्या बाराच्या आणि सहाच्या ठिकाणची कड म्हणूनच आधी तपासावी.

ठरावीक टक्केवारी नाही. सामान्य मोहर असेल तर अशा नाण्याला सोन्याच्या भावाहून थोडेच अधिक द्यावे. नाणे फारच दुर्मीळ असेल तर लोक दोष पत्करतात.

चिंच, लिंबू किंवा राखेने घासलेल्या नाण्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा आणि सगळीकडे सारखी चमक दिसते. जुन्या चांदीचा राखाडी-काळसर थर हा दोष नव्हे. तो नैसर्गिक असेल तर जाणकार त्याचेच पैसे मोजतात. घेतलेले नाणे घरी आणून घासण्याची चूक कृपया कुणी करू नये. ती पुसता येत नाही. मुघल रुपयांवर सराफांनी पारखून मारलेल्या छापा मात्र वेगळ्या : त्या त्या काळातल्याच आहेत, भाव थोडा कमी करतात, खरेपणावर डाग आणत नाहीत.

१४. प्रॉक्सी बोली द्यावी, सभागृहात जावे की ऑनलाइन?

स्वतःवर ताबा नसेल तर प्रॉक्सी. तुम्ही कमाल आकडा आधी कळवता आणि संस्था तुमच्या वतीने प्रतिस्पर्ध्याच्या एकच पायरी वर बोली चढवत जाते. दोघांची कमाल सारखी निघाली तर सहसा आधी आलेली ग्राह्य धरतात, म्हणून लवकर पाठवा. बहुतेक लोक ५०,००० सारख्या गोल आकड्यावर थांबतात, म्हणून संस्थेच्या तक्त्यात (बोली किती रकमेच्या पायऱ्यांनी चढते त्याच्या) बसणारी एक पायरी वरची बोली द्या.

अनेक लॉट हवे असतील तर ‘हा नाहीतर तो’ किंवा ‘एकूण इतक्या रकमेपर्यंत’ अशी बोली घेतात का, ते विचारा. तसे होत नसेल तर सगळे लॉट तुमच्याच गळ्यात पडले तर काय, याचा हिशेब आधी मांडा.

ऑनलाइन बोलीत आवाज आणि चित्र काही सेकंद मागे असते. ‘शेवटची संधी’ ऐकू येते तोवर हातोडा पडलेला असू शकतो. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या लिलावात शेवटच्या क्षणी बोली टाकण्याचा फायदा क्वचितच मिळतो, कारण अखेरच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते.

१५. भाव मुद्दाम चढवला जातोय असे वाटले तर?

रिझर्व्ह गाठेपर्यंत लिलावकर्त्याने विकणाऱ्याच्या वतीने बोली पुकारणे बऱ्याच संस्थांच्या अटींत लिहिलेले असते. ते नियमात बसते. त्यापुढे तसे होऊ नये. तुम्हाला बाहेरून हे सिद्ध करता येणार नाही. उपाय एकच : आपला आकडा आला की थांबणे. तोच लॉट पुढच्या लिलावात पुन्हा दिसला, तर त्या संस्थेबद्दल काय समजायचे ते समजा.

१६. बोली जिंकली, पण नाणे पसंत पडले नाही. परत करता येते का? आणि पैसे रोख दिले तर चालतात का?

पसंत नाही म्हणून परत करता येत नाही. नाणे खोटे निघाले किंवा वर्णनात ढोबळ चूक असली, तर ठरावीक मुदतीत तक्रार घेतात. ही मुदत अटींत दिलेली असते आणि ती नाणे हाती पडल्यापासून की लिलावापासून मोजायची, हे महत्त्वाचे आहे. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ करा, वजन घ्या, त्याच दिवशी छायाचित्रे जुळवा. ‘जसे आहे तसे’ विकलेले ढीग-लॉट आणि डबीतून बाहेर काढलेली नाणी परत घेत नाहीत.

एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम स्वीकारायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. पैसे बँकेतूनच द्या. बिलाशिवाय रोखीने ‘स्वस्तात’ घेतलेले नाणे पुढे नामांकित लिलावात ठेवताना अडते. पैसे थकवले तर व्याज लागते आणि बोली क्रमांक बंद होतो, तोही कधी एकाहून अधिक संस्थांकडे.

१७. आम्ही परदेशी राहतो. भारतातल्या लिलावात घेतलेले नाणे सोबत नेता येईल?

शंभर वर्षे पूर्ण झालेले असेल तर नाही. खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मग ती बॅगेत असो, कुरिअरने असो वा गळ्यातल्या माळेत. ही मर्यादा दरवर्षी पुढे सरकते : १९२० चे नाणे २०२० मध्ये तिच्यात आले. त्याहून अलीकडचे नाणे न्यायचे असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावस्तू नाही’ असे प्रमाणपत्र आधी घ्या. विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही.

अमेरिका-इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मराठा किंवा मुघल नाणी तिकडच्याच लिलावांत घ्यावीत. तिथे बोलीपूर्वी नाण्याचा जुना मालकी-इतिहास मागा : ते भारताबाहेर कधीपासून आहे, कोणत्या जुन्या लिलावात आले होते.

१८. न विकलेल्या लॉटचे काय होते?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि तेजीत शांतपणे खरेदी करण्याची ही उत्तम जागा आहे. रिझर्व्ह न गाठलेले लॉट अनेक संस्था लिलावानंतर काही दिवस बेस प्राइसला देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी मागा. प्रश्न ८ मधली तपासणी इथेही लागू. सगळ्यांनी का सोडले, याचे उत्तर बहुधा कडेवर सापडते. कधी मात्र नाणे निर्दोष असते आणि लॉट केवळ लांबलेल्या सत्राच्या अखेरीस, सभागृह रिकामे झाल्यावर आलेला असतो.

१९. शेत नांगरताना सापडलेली नाणी कुणी विकतो आहे. स्वस्त आहेत.

घेऊ नका. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवता विकलेली नाणी तुमच्याकडून जप्त होऊ शकतात. शिवाय ‘शेतात सापडली’ ही गोष्ट खोटी नाणी खपवण्यासाठीच जास्त वापरली जाते : मुद्दाम माती लावलेली, सगळी एकाच ठशाची, वजनाला तंतोतंत सारखी. खरोखर सापडलेल्या साठ्यात झीज आणि वजन नाण्यागणिक वेगळे असते.

२०. ‘जुने दोन रुपयांचे नाणे लाखो रुपयांना घेऊ’ असे संदेश येतात. ते खरे असतात का?

नाहीत. नोंदणी शुल्क, कर, कमिशन अशा नावाखाली आधी तुमच्याकडून पैसे उकळले जातात. भारतीय रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितले आहे की बँक असे व्यवहार करत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत. लिलावसंस्था नाणे विकून देण्याचे कमिशन विक्रीनंतर मिळालेल्या रकमेतून कापते. नाणे विकण्यासाठी आधी पैसे मागणाऱ्याचा फोन ठेवून द्या आणि सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर कळवा.